बिनवातीचं

मेण ऐंशीला न्यायचं, मग तेल, शंभराला सहा,
दोन मिनिटं ढवळायचं, पासष्टला ओतायचं.
वहीत लिहून ठेवलंय,
दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानावर.

आमच्या घरात काडी पेटत नाही.
दीड वर्ष झालं. आबांच्या नाकात नळी आहे,
कॉटशेजारी गुरगुरणारं मशीन,
आणि लाइट गेली तर म्हणून
पांढऱ्या खांद्याचं काळं सिलिंडर.
देवापुढं सेलचा दिवा.
गॅसची शेगडी परड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये;
चहा पावसात भिजत येतो.

उदबत्ती बंद केली तेव्हा आई म्हणाली,
"देव काय नाक घिऊन बसलाय व्हय?"
आठ दिवसांनी म्हणाली,
"घराला दवाखान्याचा वास मारतोय गं."

म्हणून हे शोधलं. वात नाही, ज्योत नाही,
मातीच्या वाटीखाली पिवळा बल्ब,
वर चिमूटभर मेणाच्या पापड्या.
पण डॉक्टर म्हणाले, वासही नको, छाती बघा त्यांची.
तोवर अर्धी गोणी मेण आणून झालं होतं.
मग शेजारी विकायला लागले.

सोयाबीन मामाच्या शिवारातही आहे, सांगावला.
तिथनं ट्रक भरून जातं,
आणि कुठूनतरी असं पांढरंशुभ्र होऊन येतं
की मामाला दाखवलं तर ओळखेना.

मोगरा खपतो. वाळा उन्हाळ्यात.
निकाडे वहिनींना गुऱ्हाळाचा वास हवा होता.
शाहूपुरीतून तेल आणलं, बाटलीवर गूळ लिहिलेलं.
वहिनींनी पाकिटात नाक घातलं, बाहेर काढलं:
"हे चॉकलेट हाय. कुणाला सांगतीस?"
कोल्हापुरात गुळाबद्दल खोटं बोलता येत नाही.

आबा उद्यमनगरात मोल्डर. तेहतीस वर्षं.
वाळू ठोकायची, साचा जोडायचा, लोखंड ओतायचं;
चौदाशेचा आकडा माहीत नव्हता, रंग माहीत होता.
वाळू सगळी साच्यातच राहिली नाही.
आता खिडकीच्या गजातून
माझ्या शेडकडं बघत पडलेले असतात.

परवा मी ट्रेमध्ये ओतत होते,
मध्येच फोन वाजला.

"धार," म्हणाले. मग श्वास.
"धार तोडू नगं."

"मेण आहे आबा."

"तुटली की जोड पडतोय. कोल्ड शट."
पुन्हा श्वास. "माल रिजेक्ट."

"पण मी ते खरवडून फोडणारच आहे."

"फोडायचं असलं तरी."

फोन वाजून वाजून थांबला.

गार झालं की कलथ्याने खरवडायचं,
पातळ सुटलं तर ओल्या खोबऱ्याच्या किसासारखं पडतं,
जाड राहिलं तर ढेकळं.
मनगट दुखतं. केसात, पापण्यांत, बांगड्यांत मेण.
रात्री हात धुतले तरी भाकरीला मोगरा लागतो,
आणि आई जेवताना काही बोलत नाही.

आता पाकिटं सीलबंद करून
आबांच्या उशाशी ठेवते.
वास बाहेर येत नाही, मी तीनदा तपासलंय.
ते एकेक उचलतात, कानाशी हलवतात,
जसं पूर्वी कास्टिंगवर हातोडी टेकवून
आतली चीर ऐकायचे.
चांगलं ते डावीकडं. बोलायला श्वास खर्च करत नाहीत.

काल चाळीसमधलं एक
उजवीकडं पडलं.

"मशीनच्या आवाजात काय ऐकू येतंय तुम्हाला," मी म्हणाले,
आणि तेच पाकीट निकाड्यांकडं द्यायला घेतलं.
मग पायऱ्यांवर थांबले.
फोडलं.
पापड्या ओंजळीत उलट्या केल्या.

तळाशी नखाएवढं ढेकूळ होतं.